गोव्यात रेबीज आटोक्यात आला तो कसा

कुत्र्याच्या चाव्याने झालेल्या रेबीजमुळे गोव्यात माणूस दगावल्याची नोंद सप्टेंबर २०१७ मध्ये झाली. त्यानंतरची २०१८ आणि २०१९ ही दोन्ही वर्षे अशा एकाही मृत्यूविना गेली. भारतात या रोगाने दरवर्षी अंदाजे १८ ते २० हजार माणसे मरतात, म्हणजे जगातल्या रेबीजबळींपैकी जवळपास एक तृतीयांश. लक्षणे दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्यच. त्यामुळे गोव्याने काय केले, हे नीट समजून घेतले पाहिजे.

आपल्याकडे शंभर वर्षे सगळा भर चावा बसलेल्या माणसावर राहिला. लुई पाश्चरने १८८५ मध्ये पिसाळलेला कुत्रा चावलेल्या मुलाला लस टोचली. पुढे १९११ च्या सुमारास डेव्हिड सेंपल यांनी कसौलीत प्राण्यांच्या मेंदूपासून लस बनवली आणि ती देशभर वापरात आली. पोटात घ्यावी लागणारी ती चौदा इंजेक्शने आपल्या आधीच्या पिढ्यांना चांगलीच आठवतात. त्या लसीने काहींना मज्जासंस्थेचे गंभीर विकारही झाले. २००५ च्या सुमारास ती बंद झाली आणि दंडात घ्यायच्या आधुनिक लशी सरकारी दवाखान्यांत आल्या. माणसे वाचू लागली, पण विषाणू होता तिथेच, गल्लीतल्या कुत्र्यांमध्ये राहिला.

कुत्र्यांच्या बाबतीत नगरपालिकांना एकच उपाय ठाऊक होता: मारणे. त्याने रेबीज कुठेच हटला नाही. रिकाम्या झालेल्या जागेत शेजारची कुत्री येतात, उरलेल्यांची पिल्ले जास्त जगतात, आणि लस घेतलेला कुत्राही इतरांबरोबर मारला जातो. केंद्र सरकारच्या २००१ च्या नियमांनी मारण्याऐवजी नसबंदी आणि लसीकरण आणले. नसबंदी आवश्यकच आहे, पण एकेका कुत्र्यावर शस्त्रक्रिया करून रोगाला गाठायचे तर वर्षे जातात. माझ्या मते या दोन कामांची सांगड घालताना लसीकरण मागे पडले, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली.

सप्टेंबर २०१३ मध्ये ब्रिटिश पशुवैद्य ल्यूक गॅम्बल यांच्या पुढाकाराने ‘मिशन रेबीज’ भारतात सुरू झाले. देशातल्या निवडक ठिकाणी मिळून ५०,००० कुत्र्यांना लस द्यायची, असे पहिले उद्दिष्ट होते. पुढे राज्य सरकारच्या साथीने गोव्यात सलग काम उभे राहिले. ३,७०२ चौरस किलोमीटरचे छोटे राज्य असल्याने एकही वाडा न सोडता काम करून पाहणे इथे शक्य होते.

पथके जाळी घेऊन वाड्यावाड्यांत फिरली. घरचा कुत्रा मालक धरून द्यायचा, भटका जाळीत पकडायचा, लस टोचायची, अंगावर रंगाची खूण करायची आणि तिथेच सोडून द्यायचा. प्रत्येक कुत्र्याची नोंद जागेसकट मोबाइलमधल्या अॅपवर होई. मग त्याच रस्त्यांवरून पुन्हा फिरून खूण असलेली किती आणि नसलेली किती, हे मोजले जाई. ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते. एखाद्या भागात आकडा कमी भरला, तर तिथे परत जाण्यावाचून पर्याय नसे. मला या कामाचा कणा हे मोजमापच वाटते. नुसत्या टोचलेल्या इंजेक्शनांचा आकडा कितीही मोठा असला, तरी कुठला वाडा सुटला हे त्यातून कळत नाही.

वर्षाला ९५,००० हून अधिक कुत्र्यांना अशी लस मिळू लागली. दुसरीकडे पथके शाळांत जाऊन वर्षाला सुमारे दीड लाख मुलांपर्यंत पोचली. कुत्रा चावला तर लपवू नका, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा, चुना-मिरची लावत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मुलांना हे शिकवण्याचे मोल फार आहे, कारण चावे त्यांनाच जास्त बसतात आणि ओरडा बसेल या भीतीने तीच गप्प राहतात. संशयित कुत्रा दिसला की कळवायला दूरध्वनी क्रमांक होता. कळवलेल्या कुत्र्याची तपासणी होई आणि त्याने कोणाला चावा घेतला होता, याचा शोध घेतला जाई.

२०१३ ते २०१९ या काळाचा हिशेब २०२२ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माणसांमधले मृत्यू थांबले होते आणि कुत्र्यांमधल्या रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी उतरले होते. २०२१ मध्ये सरकारने गोवा ‘रेबीज-नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर केला. ‘रेबीजमुक्त’ नव्हे, कारण उरलेले आठ टक्के तसेच होते. गोव्याच्या एका अंगाला सिंधुदुर्ग, दुसऱ्या अंगाला बेळगाव आणि कारवार. तिकडून कुत्री पायी येतात, गाड्यांतूनही आणली जातात. गावात दरवर्षी नवी पिल्ले जन्मतात आणि ती लशीविना असतात. त्यामुळे ही मोहीम दरवर्षी नव्याने करावी लागते.

कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा सप्टेंबर २०२१ मध्ये आला. त्यातही ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण हाच पाया आहे. गोव्याला लागून असलेल्या आपल्या दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत वाडीवाडीने अशीच मोजणी व्हायला हवी.