जिनसेंगची पुडी घेण्याआधी: फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी

नमस्कार. हल्ली दुकानात रोज कोणी ना कोणी मोबाइल पुढे करतं: "जिनसेंगने फुफ्फुसाचा कॅन्सर जातो म्हणे. आहे का तुमच्याकडे?" जिनसेंग आहे. पण गर्दीत सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून हा कागद.

त्या मेसेजमध्ये तथ्य आहे, पण अर्धंच. कोरियन जिनसेंगच्या मुळात जिनसेनोसाइड नावाची संयुगं असतात. त्यातल्या आरजी३, आरएच२ आणि कंपाउंड के यांचा कर्करोगाच्या पेशींवर बराच अभ्यास झाला आहे. १९७२ मध्ये एका ५८ वर्षांच्या माणसाच्या फुफ्फुसातल्या गाठीपासून प्रयोगशाळेत पेशी वाढवल्या, त्यांना ए५४९ म्हणतात. अशा पेशींवर ही संयुगं टाकली की त्यांची वाढ मंदावते, काही मरतात. गाठ आपल्याला रक्त मिळावं म्हणून नव्या रक्तवाहिन्या तयार करवून घेते; आरजी३ त्यात अडथळा आणतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. चीनमध्ये आरजी३ची कॅप्सूल केमोच्या जोडीला देतात. जोडीला, हे लक्षात घ्या. केमो बंद करून कोणी देत नाही.

आणि काचेच्या बशीतल्या पेशीला मिळतं तेवढं आरजी३ काढा पिऊन गाठीपर्यंत पोचत नाही. आतड्यातून रक्तात ते फारच थोडं उतरतं. ताज्या मुळात ते जेमतेमच असतं. मूळ वाफवून लाल केलं की वाढतं. कंपाउंड के तर आपल्या आतड्यातले जीवाणू बनवतात, आणि ते प्रत्येकाच्या पोटात सारखे नसतात. म्हणून "कॅन्सरसाठी रोज किती ग्रॅम?" याला आमच्याकडे उत्तर नाही. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करायला १९५४च्या कायद्याने बंदी आहेच. बंदी नसती तरी आम्ही तसं लिहिलं नसतं.

आता नेहमी होणारी चूक. लोक आधी पुडी नेतात आणि मग डॉक्टरांना विचारतात. मागच्या दिवाळीत एक मुलगा वडिलांसाठी लाल जिनसेंगचा डबा घेऊन गेला. चौथ्या दिवशी डबा परत, सील फोडलेलं, वरची दोन मुळं कापलेली. वडिलांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती, डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं. आधी कळलं असतं तर डबा आम्हीच दिला नसता. फोडलेला डबा आम्ही परत घेत नाही. काहींना राग येतो. पण एका घरात उघडलेलं मूळ दुसऱ्या रुग्णाला द्यायला आमचं मन धजत नाही.

डॉक्टर नको म्हणतात त्याला कारणं आहेत. जिनसेंगने वॉरफरिनचा, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा, असर कमी होऊ शकतो. मधुमेहाच्या औषधांसोबत घेतलं तर साखर जास्त उतरू शकते. जिफिटिनिब, ओसिमर्टिनिब या फुफ्फुसाच्या कर्करोगावरच्या गोळ्या यकृतातलं जे एन्झाइम मोडतं, त्याचा वेग जिनसेंग वाढवू शकतं. मग महागडी गोळी चालू असून तिचा उपयोग कमी. ऑपरेशन ठरलं असेल तर किमान ७ दिवस आधी बंद करावं लागतं.

म्हणून येताना रुग्णाची फाईल आणा, निदान गोळ्यांच्या यादीचा फोटो. मुळाचं शास्त्रीय नाव आणि ते मूळ, पूड की अर्क, हे आम्ही चिठ्ठीवर लिहून देतो. ती डॉक्टरांना दाखवा. तोवर ८ दिवस तुमचा डबा बाजूला ठेवू, ॲडव्हान्स नको.

रुग्णाला फार थकवा असेल तर अमेरिकन जिनसेंगबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. अमेरिकेत ३६४ कर्करोगरुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज २००० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचा थकवा ८ आठवड्यांत कमी झाला. ते आमच्याकडे मिळतं, पूड तुमच्यासमोर करून देतो.

अजून एक. "इंडियन जिनसेंग" म्हणून विकतात ती अश्वगंधा. ती वांग्याच्या कुळातली, तिच्यात जिनसेनोसाइड नसतात. नीमचच्या बाजारातली चांगली अश्वगंधा आमच्याकडे आहे, पण जिनसेंग म्हणून आम्ही ती देणार नाही. केमो चालू असेल तर तिच्यासाठीही आधी डॉक्टरांना विचारा.

दुपारी ३ ते ५ दुकानात गर्दी कमी असते. फाईल घेऊन त्या वेळेत या, बसून बोलता येईल.