स्ट्रॉबेरीचा टिकाऊपणा शेतातच ठरतो

केळं कच्चं उतरवून नंतर पिकवता येतं, स्ट्रॉबेरीचं तसं नाही. तोडणी झाली की तिची गोडी तिथेच थांबते. पुढे रंग थोडा गडद होतो, साखर वाढत नाही. शिवाय फळाला जाड साल नाही आणि सुमारे ९० टक्के भाग पाणीच. म्हणून टिकवणक्षमतेचा विचार शीतगृहापासून नव्हे, लागवडीपासून सुरू व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

फळावरचे ते बारीक दाणे बघा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तीच खरी फळं. परागीभवन झालेल्या दाण्यांतून ऑक्सिन हे संप्रेरक मिळतं आणि त्यामुळे आतला मांसल भाग फुगतो. जिथले दाणे पोचट, तिथे गर वाढत नाही आणि फळ वेडंवाकडं होतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका प्रयोगात मधमाश्यांनी, वाऱ्याने आणि स्वपरागीभवनाने धरलेल्या फळांची तुलना केली होती. मधमाश्यांची फळं वजनदार, जास्त लाल, घट्ट आणि जास्त टिकाऊ निघाली. फुलोऱ्यात मधमाश्यांना मारक फवारणी केली, तर फळांची संख्या घटतेच, शिवाय त्यांचा टिकाऊपणाही जातो.

खताचं गणितही असंच नाजूक आहे. नत्र जास्त झालं की पाला माजतो, फळ मऊ पडतं आणि दाट पानांत ओल कोंडते. फळाला घट्टपणा देतं कॅल्शियम. पेशींच्या भिंतींतलं पेक्टिन ते बांधून ठेवतं. पण कॅल्शियम पाण्याच्या ओघाबरोबर सरकतं, आणि हा ओघ जास्त बाष्प सोडणाऱ्या पानांकडे वळतो. फळाच्या वाट्याला कमीच येतं. जमीन एकदा कोरडी, एकदा चिंब, असं झालं तर तेवढंही नीट पोचत नाही. ठिबकने थोडं थोडं, नियमित पाणी देणं म्हणूनच चांगलं. तोडणीच्या तोंडावर भरमसाट पाणी दिलं, तर फळ मोठं दिसतं, पण चव पाणचट होते.

सर्वांत फसवी असते करडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस. ती बरेचदा फुलातच शिरते आणि फळ पिकेपर्यंत गप्प बसते. तोडताना निर्दोष वाटलेलं फळ दोन दिवसांत करड्या लवीने भरतं, ते यामुळे. तिला बीजाणू रुजवायला ओलावा लागतो. त्यामुळे रोपांत मोकळं अंतर, खाली पेंढ्याचं किंवा प्लास्टिकचं आच्छादन, पानांवर पाणी न पडू देणं आणि सडकी फळं लगेच शेताबाहेर काढणं, एवढ्याने मोठा फरक पडतो.

तोडणी सकाळच्या गारव्यात करावी, फळ न ओढता देठ नखाने खुडून, हिरवी टोपी शाबूत ठेवून. नंतर शक्य तितक्या लवकर ते ० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड करावं. न धुता, कारण ओल्या फळावर बुरशी लवकर धरते.