पॅरोलवर कोणी ‘सुटत’ नाही

एसटीतून एक दाढीवाला उतरतो. हातात कापडी पिशवी. पारावरचे म्हातारे नजर फिरवतात, बायको दार उघडत नाही, आणि पंधराव्या मिनिटाला तो अंगणात रोपटं लावतो. पश्चात्ताप आणि नव्या सुरुवातीवरचे बहुतेक मराठी लघुपट असेच चालतात. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. (रोपट्याबद्दल थोडं आहे.) पण मध्येच कोणीतरी म्हणतं, “पॅरोलवर सुटून आलाय,” आणि माझं लक्ष उडतं.

पॅरोल बातम्यांमुळे सगळ्यांना माहीत आहे. घरात मृत्यू, गंभीर आजारपण असं काही झालं की कारण दाखवायचं, ठरलेल्या मुदतीसाठी बाहेर यायचं, परत जायचं. सरकारी मराठीत ‘अभिवचन रजा’. रजा, सुटका नव्हे! दर आठवड्याला दारात येणारा तो पॅरोल ऑफिसर अमेरिकन सिनेमातून उचललेला आहे. तिकडे उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर काढण्याला पॅरोल म्हणतात. आपल्याकडे हे पात्रच नाही, कृपा करून लिहू नका.

खरी गल्लत पॅरोलशी फर्लोची, म्हणजे कारण न दाखवता मिळणाऱ्या ‘संचित रजे’ची होते. दोन्ही रजा महाराष्ट्रात 1959 च्या एकाच नियमावलीत आहेत, म्हणून लोक त्यांना जुळी भावंडं समजतात. मग फरक सांगताना किती दिवस मिळतात, अर्ज कोण मंजूर करतो, यावरच वेळ घालवतात. ते तपशील नियमांच्या दुरुस्त्यांबरोबर बदलतात, सोडून द्या.

बघायचं ते हे: रजेचे दिवस शिक्षेत धरतात का? पॅरोलचे धरत नाहीत. दहा दिवस बाहेर राहिलात तर सुटकेची तारीख दहा दिवस पुढे. आईच्या तेराव्याला आलेला माणूस प्रत्येक दिवस उसना घेऊन बसलेला असतो. फर्लोचे दिवस मात्र, वेळेवर परत गेलात तर, शिक्षेतच मोजतात. ओसरीवर चहा पीत बसलाय आणि शिक्षा सरतेय.

दुसरं यालाच जोडून येतं. फर्लोला कारण लागत नाही. तुरुंगवासाचा एकसुरीपणा तुटावा, घराशी नातं टिकावं, एवढ्यासाठीच ती असते. पण कारण नाही म्हणूनच समाजहितासाठी ती नाकारताही येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अश्फाक विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात सांगितलंय.

लेखकांनो, तुमची गोष्ट इथे आहे. पॅरोलवर आलेल्याला निदान तिरडी असते, दवाखाना असतो. सगळ्यांना काहीतरी काम असतं. फर्लोवर आलेला साध्या मंगळवारी घरात उभा राहतो. कोणी मेलेलं नाही, कोणाचं लग्न नाही. त्याच्याशी बोलायचं काय? आणि त्याच्याही आधीचा प्रसंग: पोलीस चौकशीला घरी येतात. याला ठेवून घ्यायला, जामीन राहायला भाऊ तयार आहे का? मला तो भाऊ बघायचाय, उंबऱ्यात उभा, सही करू की नको अशा अवस्थेत. त्याच्यावर वीस मिनिटं सहज निघतील.

रोपटं लावायचंच असेल तर लावा. पण मुदत संपली की हा पुन्हा तुरुंगाच्या फाटकावर हजर होणार. पाणी कोण घालणार, ते तेवढं दाखवा.