ट्रायकोमोनियासिस : स्त्रियांमधील प्रसार व निदान

ट्रायकोमोनास व्हजायनालिस या एकपेशीय परजीवीमुळे होणारा, लैंगिक संबंधांतून पसरणारा संसर्ग. फ्रेंच वैद्य आल्फ्रेद दोने यांनी 1836 मध्ये हा परजीवी प्रथम वर्णिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये 15 ते 49 वर्षे वयोगटात याची सुमारे 15.6 कोटी नवी प्रकरणे घडली. विषाणूंमुळे न होणाऱ्या लैंगिक संसर्गांत हा सर्वाधिक आढळतो. 2016 च्या अंदाजात याच वयोगटातील स्त्रियांत त्याचे प्रमाण 5.3 टक्के, तर पुरुषांत 0.6 टक्के होते. हे आकडे वाचताना तपासणी कोणत्या पद्धतीने झाली हे पाहणे अत्यावश्यक आहे, कारण कमी संवेदनशील (म्हणजे असलेला संसर्ग अनेकदा न पकडणाऱ्या) चाचणीवर आधारलेल्या पाहणीत संसर्ग प्रत्यक्षापेक्षा विरळ भासतो.

बहुसंख्य बाधितांना कोणताही त्रास जाणवत नाही. लक्षणे असल्यास पिवळसर-हिरवट, फेसाळ, दुर्गंधीयुक्त स्राव, खाज आणि लघवीच्या वेळी जळजळ आढळते. मात्र अंगावरून पांढरे जाण्याची कारणे अनेक असल्याने केवळ लक्षणांवरून निदान करणे धोक्याचे ठरते. गर्भाशयमुखावरील लालसर ठिपके हे पाठ्यपुस्तकांतील ठळक लक्षण नुसत्या डोळ्यांना फार थोड्या रुग्णांत दिसते.

सर्वांत स्वस्त व जुनी तपासणी म्हणजे योनिस्रावाचा थेंब सलाइनमध्ये मिसळून काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. पांढऱ्या रक्तपेशीएवढा किंवा थोडा मोठा, कशाभिकांच्या (चाबकासारख्या बारीक तंतूंच्या) साहाय्याने झटके देत हलणारा परजीवी दिसला की निदान पक्के होते. पण नमुना थंडावला किंवा तपासणीला उशीर झाला की ही हालचाल मंदावते आणि स्थिर परजीवी आसपासच्या पेशींमधून ओळखू येत नाही. अनुभवी नजरेलाही या पद्धतीने सुमारे निम्मे ते दोन-तृतीयांश संसर्गच सापडतात. म्हणून येथे ‘परजीवी आढळला नाही’ या शेऱ्याचा अर्थ ‘संसर्ग नाही’ असा घेऊ नये. नमुन्यातील परजीवी प्रयोगशाळेत वाढवून पाहणारी संवर्धन चाचणी अधिक भरवशाची असली तरी तिला काही दिवस लागतात. परजीवीच्या जनुकीय द्रव्याच्या असंख्य प्रती करून तो शोधणारी न्यूक्लिइक आम्ल-वर्धन चाचणी सर्वाधिक संवेदनशील असून स्त्रीने स्वतः घेतलेला योनिस्वॅबही (कापसाच्या काडीने घेतलेला स्रावाचा नमुना) तिला चालतो. खर्च व उपकरणांअभावी ती अनेक ठिकाणी उपलब्ध नसते, ही गंभीर उणीव आहे, कारण या संसर्गामुळे एचआयव्हीची लागण होण्याचा धोका वाढतो आणि मुदतपूर्व प्रसूतीशीही त्याचा संबंध आढळला आहे.

मेट्रोनिडाझोल या औषधाने बहुतेक रुग्ण बरे होतात. जोडीदारावरही एकाच वेळी उपचार न केल्यास पुन्हा लागण होते, त्यामुळे स्त्रियांची साधारण तीन महिन्यांनी फेरतपासणी करतात. उपचारानंतर लगेच न्यूक्लिइक आम्ल-वर्धन चाचणी केल्यास मृत परजीवीच्या अवशेषांमुळे ती चुकीने सकारात्मक येऊ शकते.