जर्मनीत हवामानशास्त्रात मास्टर्स करायचंय? फाईल नेमकी कुठे अडकते ते बघा

दरवर्षी तेच. आयईएलटीएसला साडेसात, सीजीपीए झकास, आणि तरी कील नाहीतर कार्ल्सरूहहून नकार येतो, मग पोरं एसओपीला, म्हणजे 'मला हा कोर्स का करायचाय' या पत्राला, दोष देतात. एसओपी राहू द्या हो. मेटिऑरॉलॉजीत बरेचसे नकार येतात ते तुमच्या डिग्रीत फिजिक्स आणि मॅथ्स पुरेसं झालंय हे कागदावर दिसत नाही म्हणून. कोर्सची नावंच बघा ना, कीलला 'क्लायमेट फिजिक्स', बॉन आणि कोलोन मिळून चालवतात तो 'फिजिक्स ऑफ द अर्थ अँड अ‍ॅटमॉस्फिअर'. म्हणजे ही फिजिक्सची डिग्री आहे, पावसाचा अंदाज शिकवणारा क्लास नाही.

त्यामुळे बीएस्सी फिजिक्सवाल्यांना सगळ्यात सोपं, मॅथ्सवाल्यांचंही जमू शकतं. मेकॅनिकलवाल्यांचे एम-वन ते एम-थ्री हे मॅथ्सचे पेपर, थर्मो, फ्लुइड मेकॅनिक्स कामाला येतात पण थिअरेटिकल फिजिक्सला हात तोकडे पडतात. जिऑग्राफी किंवा एन्व्हायर्नमेंटल सायन्स करून थेट इथे अर्ज टाकणाऱ्यांना मी आधीच सांगते, फी वाया जाईल. राहुरी, अकोल्याच्या बीएस्सी अ‍ॅग्रीवाल्यांचं तर वाईट वाटतं, त्यांना अ‍ॅग्रोमेटिऑरॉलॉजीचा पेपर असतो म्हणून वाटतं आपण पात्र, पण त्या एका पेपरने डिफरन्शियल इक्वेशन्सची जागा भरत नाही. तीन वर्षांची बीएस्सी कुठे चालते कुठे नाही हे मात्र युनिव्हर्सिटीगणिक बदलतं, तेव्हा ईमेल करून लेखी उत्तर घ्या, यूट्यूबवरच्या दादाचं ऐकू नका.

आता तो कागद जो कुणाकडेच तयार नसतो. तुमच्या पेपरांत काय काय शिकवलं याचा पुरावा. मार्कशीटवर नुसतं पेपरचं नाव असतं, त्यावरून तिकडच्या माणसाला काय कळणार? पुणे विद्यापीठात एफवायला 'मेकॅनिक्स अँड प्रॉपर्टीज ऑफ मॅटर' असतो, त्यात व्हिस्कॉसिटी, बर्नुली सगळं होतं पण नावात फ्लुइड कुठेच नाही. म्हणून स्वतः एक तक्ता करा, डावीकडे त्यांची अट, उजवीकडे तुमचा पेपर, कोड, क्रेडिट आणि सिलॅबसचं पान नंबर. सिलॅबस तुमच्याच बॅचचा हवा, २०१९ पॅटर्नला शिकलात आणि वेबसाईटवर सापडला म्हणून नवा जोडलात की सगळे कोड चुकतात. त्यावर एचओडींचा सही-शिक्का घ्या, एचओडी रजेवर असतात हे गृहीत धरूनच जा. आणि क्रेडिट जसेच्या तसे लिहू नका! तिकडे वर्षाला ६० ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट, आपल्याकडे वर्षाला ४४ क्रेडिट असतील तर आपलं एक म्हणजे त्यांचं साधारण १.३६, चारचा पेपर साडेपाचच्या जवळ जातो. हे न केल्यामुळे चांगली पोरं काठावर पडतात. अर्थात युनिव्हर्सिटीने स्वतःचा फॉर्म दिला असेल तर तोच भरायचा.

मार्कांचंही असंच. ते मॉडिफाइड बव्हेरियन फॉर्म्युला लावतात: कमाल वजा तुमचे, भागिले कमाल वजा पासिंग, गुणिले तीन, अधिक एक. दहापैकी सात सीजीपीए आणि पासिंग चार असेल तर २.५ येतं, तेच पासिंग पाच धरलं की २.८. त्यांच्याकडे आकडा जेवढा लहान तेवढा चांगला, आणि कटऑफ बऱ्याचदा अडीचलाच असतो. तेव्हा ट्रान्सक्रिप्टवर किमान पासिंग ग्रेड छापून आलाय का ते परीक्षा विभागाच्या खिडकीवरच बघून घ्या, घरी आल्यावर नको.

नावाचा घोळ तर आपला खास. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आईचं नाव वेगळ्या रकान्यात, विद्यापीठाच्या मार्कशीटवर कधी आईचं नावही ओळीतच जोडलेलं, पासपोर्टवर तिसरंच काहीतरी. एकच व्यक्ती असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट इंग्रजीत नोटरी करून ठेवा. रेकमेंडेशन सरांच्या जीमेलवरून गेलं तर काही ठिकाणी धरत नाहीत, कॉलेजच्या आयडीवरून पाठवायला लावा, सर कुरकुरतील, चालायचंच.

एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला, १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना स्टुडंट व्हिसासाठी सक्तीचं झालंय, फी १८,००० रुपये. पण लोक ते व्हिसाच्या वेळचं काम समजून मागे ठेवतात आणि तिथेच फसतात, कारण बऱ्याच युनिव्हर्सिट्या ते अर्जासोबतच मागतात. दिल्लीहून ते यायला आठवडे लागतात, तुमच्या डेडलाईनशी त्यांना काही देणंघेणं नाही.

डेडलाईनवरून आठवलं, १५ जुलै वाचून निवांत बसू नका. ती बऱ्याच ठिकाणी जर्मन डिग्रीवाल्यांची असते, बाहेरच्यांसाठी खिडकी कुठे मेअखेर, कुठे मार्चलाच बंद. अर्ज युनि-असिस्टमार्फत, म्हणजे अनेक युनिव्हर्सिट्यांसाठी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत असेल तर पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०, आणि पैसे जमा झाल्याशिवाय ते फाईल उघडतच नाहीत. बँकेने मधल्यामध्ये चार्जेस कापून चार युरो कमी पोचले तरी अडतं, म्हणून कार्डने भरा.

बाकी मग सरळ आहे. सरकारी युनिव्हर्सिट्यांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, कार्ल्सरूह मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये येतं म्हणून तिथे सेमिस्टरला १,५०० युरो. ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायच्या आणि दरमहा ठरावीकच काढता येणाऱ्या खात्याला, वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२, हा आकडा बदलत असतो, पैसे पाठवायच्या दिवशी पुन्हा बघा. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबई कॉन्सुलेटच्या हद्दीत येतात, अ‍ॅडमिशन लेटर आलं की त्याच दिवशी व्हिसाच्या मागे लागा. लोनचं सँक्शन लेटर हातात आहे म्हणून थांबू नका, पैसे त्या अकाउंटमध्ये पोचल्याचं कन्फर्मेशन लागतं आणि बँकेचा मॅनेजर तुम्हाला 'सोमवारी या' हेच सांगणार आहे.