स्विच स्पोर्ट्स घ्यावा का? दुकानात येण्याआधी वाचून या

नमस्कार. हे पत्रक का छापलं ते आधी सांगते. दर शनिवारी संध्याकाळी काउंटरवर हाच प्रश्न येतो, "ते हात हलवून खेळायचं टेनिस-बोलिंगवालं आहे ना, ते घ्यावं का हो, की चार दिवसांत कपाटात जाईल?" आणि गर्दीत नीट उत्तर देता येत नाही, दादा एकीकडे कुणाचा तरी कंट्रोलर उघडून बसलेला असतो, मी बिल करत असते, मग आम्ही दोघंही "घ्या, चांगलाय" म्हणून मोकळे होतो. पण खरं सांगायचं तर काही घरांसाठी तो मस्त आहे आणि काहींनी अजिबात घेऊ नये, आणि कुणी घ्यावा ते गेमवर कमी आणि घरात संध्याकाळी किती जण असतात, हॉल केवढा आहे यावर जास्त ठरतं.

गेमचं पूर्ण नाव निन्टेंडो स्विच स्पोर्ट्स, निन्टेंडो कंपनीच्या स्विच या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनवर चालतो, २९ एप्रिल २०२२ ला आला. टेनिस, बॅडमिंटन, बोलिंग, फुटबॉल, व्हॉलीबॉल आणि चांबारा, म्हणजे तलवारबाजी, समोरच्याला ढकलत ढकलत पाण्यात पाडायचं. नंतर फुकट अपडेटमधून नोव्हेंबर २०२२ मध्ये गोल्फ आणि जुलै २०२४ मध्ये बास्केटबॉल आलं. याचा आजोबा म्हणजे निन्टेंडोच्याच वी नावाच्या जुन्या कन्सोलवरचा २००६ चा वी स्पोर्ट्स, ज्यांचे काका-मामा अमेरिकेत होते त्यांनी तो पांढरा डबा बघितला असेल. तो बऱ्याच देशांत कन्सोलबरोबरच मिळायचा आणि त्याच्या ८ कोटींच्या वर प्रती गेल्या, त्यामुळे "आमच्याकडे ते फुकट आलेलं, आता पैसे का" असं विचारणारे एनआरआय काका आम्हाला दर डिसेंबरला भेटतात. काका, बरोबर आहे तुमचं, पण आता वेगळा घ्यावा लागतो.

आणि हो, क्रिकेट नाहीये. दहातले आठ जण हेच विचारतात म्हणून ठळक सांगतेय, यात क्रिकेट नाही, अपडेटमधूनही आलेलं नाही. स्विचवर क्रिकेटचे गेम मिळतात पण ते बटणांचे, बॅट फिरवायची नाही. मुलाला क्रिकेटच हवं असेल तर गल्लीत जाऊ दे, स्वस्त पडेल.

आता हे चालतं कसं ते कळलं की अर्धा निर्णय होतो. हातात जो छोटा कंट्रोलर असतो, जॉय-कॉन, त्यात दोन सेन्सर आहेत, एकाला हात किती झटक्यात हलला ते कळतं आणि दुसऱ्याला किती वळला ते. बस. तुम्ही हॉलमध्ये कुठे उभे आहात, पुढे आलात की मागे गेलात, हे त्याला माहीतच नसतं, कारण तुमच्याकडे बघणारा कॅमेरा इथे नाही (एक्सबॉक्सच्या किनेक्टमध्ये होता, पण तो बनवणंच २०१७ मध्ये बंद झालं). म्हणून टेनिस आणि बॅडमिंटनमध्ये स्क्रीनवरचा माणूस आपला आपण धावतो, तुम्ही फक्त वेळेवर हात मारायचा. याचा अर्थ असा की सोफ्यावर लोळून नुसतं मनगट झटकलं तरी शॉट लागतो. पोरांना हे दोन दिवसांत कळतं. मग बाबा घामाघूम होऊन पूर्ण हात फिरवतायत आणि चिरंजीव कुरकुरे खात मनगट हलवून सरळ हरवतायत असा सीन होतो, आणि काही बाबा आमच्याकडे येऊन तक्रार करतात की गेममध्ये चीटिंग आहे. चीटिंग नाही हो, गेमच तसा आहे.

म्हणून "व्यायाम होईल का" याला आमचं उत्तर अर्धवट हो असतं. उभं राहून नीट खेळलात तर अर्ध्या तासात घाम येतो, पण जिमची फी वाचेल म्हणून घेऊ नका. व्यायामच करायचा असेल तर स्विचवरचाच रिंग फिट ॲडव्हेंचर हा गेम बघा, त्यात ती गोल रिंग दाबायची असते आणि तो खरंच दमवतो. आणि उलट, अतीही करू नका. २००७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका तरुण डॉक्टरने पत्र लिहिलं होतं की वी टेनिस तासन्‌तास खेळून सकाळी उठला तर खांदा दुखून बेजार, डॉक्टर स्वतःच पेशंट. पहिल्या रविवारी प्रत्येकजण हेच करतो, सोमवारी लोकलमध्ये वरचं हँडल धरताना आठवतं.

खेळांपैकी घरात खरं चालतं ते बोलिंग. बाकी सगळं मुलांचं, बोलिंग सगळ्यांचं. बटण दाबून धरायचं, हात मागे न्यायचा, पुढे आणताना बटण सोडायचं, मनगट वळवलं तर बॉलही वळतो. गेल्या दिवाळीत एका आजींना सून दुकानात घेऊन आली होती, आजी म्हणाल्या मला काय येणार यातलं, दादाने हातात दिलं, पट्टा बांधला, सांगितलं आजी बटण सोडा, आणि आजींनी बटण सोडलंच नाही, अख्खा कंट्रोलर सोडला. पट्टा होता म्हणून तो मनगटाला लोंबकळला, नाहीतर आमचा डेमोचा ४३ इंची गेला असता. तिसऱ्या वेळेला स्ट्राइक, म्हणजे सगळ्या पिना एकदम खाली. मग नातवाला खेळायला मिळेना.

तर पट्टा. हसू नका, २००६ च्या डिसेंबरमध्ये निन्टेंडोने वीचे सुमारे ३२ लाख पट्टे बदलून दिले होते कारण पहिले बारीक दोरीवाले तुटत होते आणि रिमोट जाऊन टीव्हीवर आदळत होते. आताचा पट्टा चांगला आहे पण तो बांधला तर. आणि तो लावायची एक गोम आहे जी डब्यावर बघूनही लोक चुकतात. पट्ट्याच्या पट्टीवर एक प्लस किंवा मायनस असतो आणि जॉय-कॉनवरही असतो, प्लसला प्लस, मायनसला मायनस. उलटी सरकवली तर आत जाते, हो, बिनधास्त जाते, पण मग बाहेर येत नाही. आठवड्यातून एक तरी जण तसा अडकलेला घेऊन येतो, "काहीतरी तुटलंय" म्हणून, आणि ओढून ओढून रेलचं, म्हणजे पट्टी सरकवायच्या कडेच्या खाचेचं, लॉक सैल झालेलं असतं. अडकलं तर ओढू नका, आणून द्या, काढून देतो, पैसे नाही घेत.

आता हॉल. डोंबिवलीत राहतो आपण, दहा बाय बाराचा हॉल, त्यात सोफा, टीपॉय, शोकेस, आणि डोक्यावर पंखा. दोघांनी टेनिस खेळायचं तर दोघांचे हात पसरून एकमेकांना लागता कामा नयेत आणि वर हात करून उडी मारली तर पंख्याला बोटं लागता कामा नयेत, व्हॉलीबॉलमध्ये स्मॅशला हात वर जातोच. हे मी पुस्तकी सांगत नाहीये, आमच्याच घरी भाच्याबरोबर चांबारा खेळताना मी मागे सरकत सरकत शोकेसच्या काचेवर कोपर मारलंय, काच वाचली, आईच्या बाहुल्या पडल्या, आणि त्यानंतर महिनाभर गेम फक्त बेडरूममध्ये. टीपॉय बाहेर काढायची तयारी असेल, खरोखर रोज काढायची, तर घ्या. "हो हो काढू" म्हणणारे चौथ्या दिवशी काढत नाहीत आणि गेम तिथेच बंद पडतो.

टीव्हीबद्दल पण. बऱ्याच टीव्हीत चित्र सुंदर करायच्या नादात ते जरा उशिरा दिसतं, सिरियल बघताना कळत नाही पण टेनिसमध्ये तुम्ही वेळेवर मारता आणि हुकतं. सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड लावा, बहुतेक टीव्हीत असतो. "कंट्रोलर खराब आहे" म्हणून आलेले कितीतरी जण आम्ही नुसतं हे सांगून परत पाठवलेत. तसंच डॉक, म्हणजे स्विच टीव्हीला जोडायचा स्टँड, टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात किंवा फिशटँकच्या शेजारी ठेवू नका, सिग्नल अडतो.

किती कंट्रोलर लागतात यात लोकांचं बजेट कोसळतं. स्विचबरोबर दोन जॉय-कॉन येतात, म्हणजे टेनिस, बोलिंग, बॅडमिंटन दोघांचं भागलं. पण फुटबॉलला एका माणसाला दोन्ही हातांत एकेक लागतो, म्हणजे दोघा भावांना फुटबॉल खेळायचं तर चार, आणि दुसरी जोडी गेमपेक्षाही महाग पडते. चौघांचं कुटुंब असेल तर ही जोडी धरूनच हिशोब करा. बाजारात स्वस्त कॉपी जॉय-कॉन मिळतात, बाकी गेमला चालतील, पण यात सगळा खेळ त्या वळण्याच्या सेन्सरचा आहे आणि स्वस्तातल्यांचा तोच ढिसाळ असतो, बोलिंगचा बॉल सरळ टाकला तरी गटारात. घ्यायचेच असतील तर दुकानात खेळून बघून घ्या, आमच्याच असं नाही, कुठल्याही.

डब्यातल्या प्रतीबरोबर मांडीला बांधायचा पट्टा मिळतो, त्यात जॉय-कॉन घालून खरी किक मारायची. सुरुवातीला हा फक्त गोल मारायच्या शूटआउटला चालायचा, नंतरच्या अपडेटपासून मॅचमध्येही चालतो. मजा येते, पण पाच मिनिटं. अमेरिकेत आला तेव्हा डबा ४९.९९ डॉलर आणि डाउनलोड ३९.९९ डॉलर होता. डबाच घ्या असं आम्ही सांगतो, पट्ट्यासाठी नाही, तर कंटाळलात तर विकता येतो म्हणून. निन्टेंडोच्या कार्ट्रिजला, म्हणजे डब्यातल्या गेमच्या छोट्या कार्डाला, जुना बाजार बरा असतो. फक्त एक, कार्ट्रिज घातलं आणि गोल्फ दिसेना म्हणून घाबरू नका, एकदा वायफायला जोडून अपडेट उतरवून घ्यावं लागतं.

आता कन्सोलचं. भारतात निन्टेंडोने स्विच अधिकृतपणे विकायला आणलेलाच नाही, सगळा माल बाहेरून येतो, आमचाही. म्हणजे कंपनीची वॉरंटी इथे नाही, जी काही आहे ती दुकानदाराची, म्हणून बिल घ्या आणि ते जपून ठेवा. ॲडाप्टरची पिन अमेरिकन चपटी असू शकते पण तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो, साधा पिन कन्व्हर्टर पुरतो, मोठा ट्रान्सफॉर्मर कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. गेमचं कार्ट्रिज दुबईचं, जपानचं, कुठलंही चालतं.

स्विच लाइट असेल तर थांबा. त्याचे कंट्रोलर सुटत नाहीत आणि तो टीव्हीला लागत नाही, वेगळे जॉय-कॉन घेऊन पाच-साडेपाच इंचाच्या स्क्रीनसमोर हात फिरवायला कुणालाच मजा येत नाही. लाइटवाल्यांना आम्ही हा गेम विकतच नाही, भांडून नेला तर गोष्ट वेगळी. नवा स्विच २ (जून २०२५ चा) असेल तर गेम चालतो, पण त्याचे जॉय-कॉन मोठे आहेत, मांडीच्या पट्ट्यासाठी जुने जवळ असू द्या, ते स्विच २ ला जोडता येतात. आणि जपानहून कुणी येणार असेल आणि "तिथे खूप स्वस्त आहे" म्हणत असेल तर आधी विचारा कुठला, तिथला २०२५ मध्ये ४९,९८० येनला आलेला स्वस्त स्विच २ फक्त जपानी भाषेत चालतो आणि जपानी अकाउंटच घेतो. सगळ्या भाषांचा तेव्हा ६९,९८० येनला होता. एका गिऱ्हाइकाचा असा आला होता, सुंदर मशीन, मेनू वाचता येईना.

"क्रॅक करून द्या, सगळे गेम फुकट" हे आम्ही करत नाही. असा कन्सोल ऑनलाइन गेला की निन्टेंडोकडून ब्लॉक होऊ शकतो आणि मग रडत तुम्ही आमच्याकडेच येणार.

एकटं खेळणाऱ्यांसाठी सांगायचं तर हा गेम एकट्याला फार पुरत नाही. कंप्युटरबरोबर खेळा, आठवडाभरात सगळं बघून होतं, पुढे काही गोष्ट नाही, लेव्हल उघडत नाहीत. ऑनलाइन जगभरच्या लोकांबरोबर खेळता येतं, १६ जणांचं बोलिंग भारी आहे, टोप्या-कपडेही त्यातूनच मिळतात, पण त्यासाठी निन्टेंडोची ऑनलाइन मेंबरशिप वेगळी, अमेरिकेच्या दराने वर्षाला १९.९९ डॉलर. एकुलता एक मुलगा, आईबाबा रात्री नऊला घरी, अशा घरी हा गेम पडून राहतो, आम्ही बघितलंय, तो परत विकायला आणताना त्या मुलाचा चेहरा पण बघितलाय. आणि जिथे आजी-आजोबा, आत्या, शेजारची दोन पोरं असा राबता आहे तिथे तीन वर्षं झाली तरी चालू आहे.

तर आमचं असं आहे, कन्सोल घरात असेल आणि तीनेक माणसं खेळणारी असतील तर सरळ घ्या. फक्त या एका गेमसाठी कन्सोल घ्यायचा विचार असेल तर आधी आमच्याकडून शनिवार-रविवार भाड्याने न्या, कन्सोल, गेम आणि चार जॉय-कॉन, नंतर विकत घेतलंत तर भाडं बिलातून वजा करतो. गणपतीत आणि मेच्या सुट्टीत आधी नाव लावा, तेव्हा एकच सेट शिल्लक असतो आणि तो बहुतेक दादाच्या मित्राने नेलेला असतो. येताना फोनमध्ये हॉलचा एक फोटो काढून आणा, पंखा दिसेल असा.