क्रूझचं तिकीट काढलं की सगळं फुकट? नाही हो!

'एकदा तिकीट भरलं की बोटीवर खिशात हात घालावा लागत नाही' हे सिंगापूर क्रूझला जाणारा प्रत्येक जण सांगतो आणि आपण विश्वास ठेवतो. अर्धं खरं आहे ते. रूम, शो, स्विमिंग पूल, बुफे आणि मेन डायनिंग रूमचं जेवण तिकिटातच येतं, पाणी, साधा चहा-कॉफीपण, पण कोक घेतला, बिअर घेतली, वायफाय लावलं, स्पेशल रेस्टॉरंटमध्ये बसलात की लगेच मीटर पडतो. पण बोटीवर पैसे कोणी मागतच नाही, रूमचं कार्ड टेकवायचं आणि खर्च खात्यात जातो, म्हणून तो जाणवतच नाही.

सगळ्यात मोठा धक्का टिपचा. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल या क्रूझ कंपन्यांकडे माणशी रोजचे साधारण 16 ते 20 डॉलर खात्यात आपोआप लागतात, लहान मुलांचेही! चौघांचं कुटुंब, चार रात्री, 18 डॉलर धरा, झाले 288 डॉलर. ड्रिंक्सवर साधारण 18 टक्के टिप वेगळी. आमच्या बिलाची शेवटच्या सकाळी दाराखाली सरकवलेली दोन पानं बघून आई गप्पच झाली होती, तो चेहरा मी विसरलेले नाही.

रीजंट सेव्हन सीजसारख्या महागड्या बोटींवर मात्र दारू, टिप, किनाऱ्यावरच्या बऱ्याच सहली धरूनच भाडं असतं. म्हणून नुसतं भाडं बघून 'ही स्वस्त' म्हणू नका, टिप आणि ड्रिंक्स मिळवून मग दोन बोटी ताडून बघा. आणि जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा.